'प्रतिकार' नेमका कोणाचा?

प्रश्न (परभणी) : 'अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावे? पशुपालकांसाठीच्या पत्रकात मी 'प्रतिजैविक प्रतिकार' असे लिहिले, तेव्हा गावातल्या एका काकांनी विचारले, "प्रतिकार वाढला तर चांगलंच की, त्यात भ्यायचं काय?"

उत्तर (लातूर) : काकांची शंका रास्त आहे. 'रोगप्रतिकारशक्ती'मुळे 'प्रतिकार' हा आपल्याकडे शरीराचा सद्गुण होऊन बसला आहे. इथे मात्र प्रतिकार करतो तो जंतू, आणि तो करतो औषधाचा. 'अंगाला गोळीची सवय झाली' ही समजूतही याच घोटाळ्यातली आहे. वास्तविक अंगाला काही होत नाही. औषधाच्या माऱ्यातून जे चिवट जंतू तगतात त्यांचीच पुढे पैदास होते. मराठीत यासाठी तयार शब्दप्रयोग आहे : दाद न देणे. 'औषधाला दाद न देणारे जंतू' असे लिहिले की कोण कोणाला जुमानत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. मथळ्यासाठी नाम हवेच असेल, तर 'औषधरोध' पुरे. हिंदीतल्या 'रोगाणुरोधी प्रतिरोध'मध्ये तोच 'रोध' दोनदा येतो. 'प्रतिजैविक' (अँटिबायोटिक, म्हणजे जिवाणूंवरचे औषध) इथे अपुरा पडतो, कारण मूळ संज्ञेत जिवाणूंबरोबर विषाणू, बुरशी आणि परजीवीही येतात.

याहून मोठी गफलत आकड्यांच्या भाषांतरात होते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत सप्टेंबर २०२४ मध्ये देशांनी जो राजकीय जाहीरनामा स्वीकारला, त्यात जिवाणूंच्या औषधरोधाशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी २०१९ मधील ४९.५ लाख मृत्यूंचा अंदाज आधारभूत धरला आहे. त्याच वर्षी थेट औषधरोधामुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज मात्र १२.७ लाख आहे. 'निगडित'च्या जागी सहज 'मुळे' लिहिले, की आकडा जवळजवळ चौपट फुगतो. सर्व देशांनी एकच मोजमाप मानायचे ठरवले असताना, भाषांतरकाराने एका प्रत्ययात ते बिघडवू नये.

प्रश्नकर्ता : 'दाद न देणारे' घेतले. पण आमच्याकडे 'जंतू' म्हटले की लोकांना शेळीच्या पोटातले जंतच आठवतात, म्हणून 'रोगजंतू' करतो. कोंबड्यांच्या पानावर कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा उल्लेख ठेवतो. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरिता भारताने ते २०१९ मध्ये बंद केले. तिथे वाक्य असे चालेल का : "माणसासाठी राखून ठेवलेले औषध कोंबडीच्या खाद्यात मिसळू नका, नाहीतर रोगजंतू त्याला दाद देईनासे होतात"?

उत्तर : चालेल. 'खाद्यात'च्या पुढे 'व पाण्यात' एवढे घाला.