झोपताना इच्छापूर्तीचं चित्र: अर्ध्यावर डोळा लागतो, नाहीतर झोपच उडते

रातराणी:
झोपताना ‘इच्छा पूर्ण झाली’ असं चित्र डोळ्यांपुढे आणायचं, याबद्दल जाणकारांना विचारायचं आहे. हेतू एकच, तीन आठवड्यांवर आलेली नोकरीची मुलाखत. निवडीचं पत्र, घरी फोन, पेढे, नवं ऑफिस असं ओळीने आणायला गेलं की पेढ्यांपर्यंत पोचायच्या आतच डोळा लागतो. एखाद्या रात्री उलट, झोप पार उडते. शिवाय चित्र धड दिसतही नाही. ‘विश्वास ठेवा’ सोडून काही ठोस सांगा.

उंबरठा:
डोळा लागतो ही चूक नव्हे, तेच हवं असतं. चूक लांबीत आहे. पत्र, फोन, पेढे, ऑफिस म्हणजे तीन तासांचा सिनेमा झाला.

हल्ली फिरणारी ही पद्धत बरीचशी नेव्हिल गोडार्ड या अध्यात्मावर बोलणाऱ्या लेखकाची (जन्म बार्बाडोस, १९०५; व्याख्यानं अमेरिकेत; मृत्यू १९७२). त्यांचं म्हणणं असं, की इच्छा पुरी झाल्यानंतरच घडू शकेल असा एकच छोटा प्रसंग घ्या. हात मिळवून कुणीतरी अभिनंदन करतंय, एवढा पुरे. ५ ते १० सेकंदांत संपला पाहिजे. संपला की पुन्हा पहिल्यापासून, आणि असंच गुंगीत जाईपर्यंत. मन भरकटलं तर मधूनच पकडू नका, सुरुवातीला या.

स्वतःला पडद्यावर बघितल्यासारखं बाहेरून बघायचं नाही. तुमचा चेहरा तुम्हाला दिसत असेल तर प्रसंग चुकला. दिसायला हवा तो समोरच्याचा हात. जाणवायला हवी त्याच्या तळव्याची ऊब, बोटातल्या अंगठीचा गार कठीणपणा, हात सोडताना बसलेला हलकासा झटका.

दिवा मालवल्या मालवल्या सुरू करू नका. आधी पाय, खांदे, जबडा सैल सोडा. अंग जड झालं आणि असंबद्ध विचार यायला लागले की मग प्रसंग घ्या. पहिल्याच फेरीत झोप लागत असेल तर पाठीवर झोपून कोपर गादीवर टेका आणि पुढचा हात उभा ठेवा. डोळा लागला की हात खाली येतो, जाग येते. चित्रकार साल्वादोर दाली हेच काम बोटांत किल्ली धरून आणि खाली ताटली ठेवून करायचा; किल्ली पडली की आवाजाने जाग. त्याला मात्र चित्रांच्या कल्पना हव्या होत्या, नोकरी नव्हे.

शंकासुर:
तंत्र नीट सांगितलंत, पण फक्त शेवटचा प्रसंग घोळवण्यात तोटा आहे. १९९९ मध्ये लिएन फॅम आणि शेली टेलर या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी चांगले गुण मिळाल्याचं चित्र रोज रंगवलं, काहींनी अभ्यासाला बसल्याचं. गुण दुसऱ्यांना जास्त पडले, कारण ते खरोखर जास्त अभ्यासाला बसले. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगन यांच्या प्रयोगांत तर नुसत्या गोड कल्पनांनी रक्तदाबाचा वरचा आकडा उतरलेला दिसला. म्हणजे पेढे मनात खाऊन झाले की शरीर सुस्तावतं.

तेव्हा मुलाखतीची पहिली ४० सेकंदं घ्या. दाराचा गार हँडल, ‘आत येऊ का?’, खुर्ची ओढल्याचा आवाज, फाइल मांडीवर, आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ला तुमची पहिली दोन वाक्यं शब्दन् शब्द. एक अडथळाही मुद्दाम घाला: उत्तर येत नसेल तर एक श्वास घेईन आणि ‘हे मला माहीत नाही, सर’ म्हणेन. ‘असं झालं तर तसं करीन’ हे आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी गाडी अडत नाही.

उंबरठा:
@शंकासुर, हे सगळं अंथरुणात? दाराच्या हँडलला हात लावला की छातीत धडधड. झोप उडते ती अशानेच.

शंकासुर:
मान्य. संध्याकाळी खुर्चीत बसून, ५ मिनिटं. अंथरुणात फक्त तुमचा तो हात मिळवणं. पण संध्याकाळचं टाळून रात्रीचं तेवढं केलं तर मला त्यात काही अर्थ वाटत नाही.

शवासन:
झोप उडण्यावर आधी कागद-पेन. उद्याची कामं ५ मिनिटं लिहून काढा, जितकी नेमकी तितकी चांगली. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात असं करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. तरीही २० एक मिनिटं टक्क जागे असाल तर उठून मंद उजेडात बसा. प्रसंग रेटत राहिलात तर अंथरूण म्हणजे परीक्षेचा हॉल होऊन बसतो.

योगनिद्रेची (पडून, सूचना ऐकत अंग सैल सोडण्याची) मदत घेता येते, पण घोळ करू नका. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांच्या पद्धतीत जागं राहायचं असतं. घोरायला लागलात तर ती साधी झोप. तिच्यातला संकल्प घ्यावा: एकच छोटं वाक्य, सुरुवातीला आणि शेवटी ३-३ वेळा. ‘मी घाबरणार नाही’ नको, ‘मी शांतपणे बोलतो’ किंवा ‘बोलते’. शब्द रोज बदलायचे नाहीत. अंग सैल करायला त्यांचाच क्रम सोपा पडतो: उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी, तळहात, मग वर सरकत जायचं.

आणि यूट्यूब लावून झोपू नका. गुंगी येते न येते तोच साबणाची जाहिरात किंचाळते.

लिंबूपाणी:
चित्र धड दिसत नाही, त्याबद्दल. काहींना मनात चित्र दिसतच नाही. मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. तो आजार नाही. डोळे मिटून बघा: कुकरची शिट्टी मनात ऐकू येते का? लिंबू चिरल्याच्या कल्पनेने तोंडाला पाणी सुटतं का? जे जमेल त्यावर प्रसंग बांधा. चित्र ओढूनताणून आणायला गेलात तर कपाळाला आठ्या पडतात आणि सैल सोडलेला जबडा पुन्हा आवळतो.

रातराणी:
कुकर ऐकू येतो, लिंबूही लागलं. मग ‘अभिनंदन’ कोणाच्या आवाजात ऐकायचं? मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्या?

उंबरठा:
त्यांचा आवाज तुम्ही ऐकलाय कुठे? मन तो बनवत बसेल आणि त्यातच जागं होईल. रोज कानावर पडणारा आवाज घ्या, आईचा, मैत्रिणीचा. आणि ती व्यक्ती बोलेल तसंच बोलू द्या. आई ‘अभिनंदन’ म्हणत नसेल, ‘झालं का गं एकदाचं!’ म्हणत असेल, तर तेच ठेवा.