मदत हवी आहे: अ‍ॅनिमेशननंतर मुलांना दाखवायचा पहिला वेस्टर्न (अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातला, काउबॉय-घोड्यांचा सिनेमा) कोणता?

भाची नऊ वर्षांची. 'स्पिरिट' (2002) तिला पाठ आहे. त्यातला घोडा इतर कार्टूनसारखा तोंडाने बोलत नाही, मागचं निवेदन सोडलं तर कान-डोळ्यांनीच सांगतो, हे तिला भारी वाटतं (मलाही). आता 'खऱ्या माणसांचा' वेस्टर्न हवाय. नायिका चौदा वर्षांची म्हणून 'ट्रू ग्रिट' (2010) लावला, पण झोपडीत बोटं छाटतात तिथे बंद करावा लागला. 'शेन' (1953) मात्र जागची न हलता पाहिला. त्यातल्या छोट्या मुलामुळे, जोईमुळे असावं. 'द सर्चर्स' एवढ्यात नको, कोमांची या अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीबद्दलचा त्यातला द्वेष समजावणं अवघड आहे. संथ, कृष्णधवल चालेल. संवाद कमी असले तर उत्तम, सबटायटल वाचताना ती मागे पडते. मुलाच्या नजरेतून सांगितलेला, मूळ रहिवाशांना नुसते खलनायक न करणारा कोणता सिनेमा सुचवाल?