टँकचा पीएच 7.8 तरी मासे मजेत, मग समुद्राचं काय एवढं?

दांडियाबाजारचा_मासेवाला:
मंडळी एक डोक्यात अडकलंय. घरी 200 लिटरचा मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे, दोन क्लाउनफिश, चार-पाच हर्मिट क्रॅब आणि टर्बो स्नेल (शंखवाल्या गोगलगाई). बडोद्याचा मे म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, खिडक्या बंद, एसी चालू आणि अख्खं घर टँकवाल्या खोलीत झोपायला. सकाळी टेस्ट केली तर पीएच (जितका कमी तितकं पाणी आम्लट) 7.8, संध्याकाळी परत 8.2, आणि मासे ठणठणीत, मी दिसलो की खायला मागतात. आता मुलीच्या प्रोजेक्टसाठी वाचलं की कारखाने आल्यापासून समुद्राचा पीएच 8.2 चा 8.1 झाला. फक्त 0.1! माझ्याकडे रोज रात्री त्याच्या चौपट पडतो. मग बोंबाबोंब कशाला? कोणीतरी नीट सांगा, मुलीला मी काय सांगू.

खारंपाणी:
दादा, तुझ्या खोलीत रात्री जे होतं तेच समुद्राचं चाललंय, फक्त त्यांची खिडकी कोणी उघडत नाही. चार माणसं बंद खोलीत श्वास सोडतात, तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, वर लाइट बंद म्हणून शेवाळही तो खात नाही, झाला पीएच कमी. आपण जेवढा हवेत सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. आणि पीएचची पट्टी दहाच्या पटीची असते, 0.1 पडला म्हणजे हायड्रोजन आयन जवळपास 26 टक्के वाढले. हे आयन पाण्यातल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतात आणि शंख-शिंपल्याला कवच बांधायला तेच तर लागतं. तू बफर (पीएच पडू न देणारी पावडर) टाकून अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) वर ठेवतोस म्हणून तुझे स्नेल टिकलेत, समुद्रात बफर कोण ओतणार? शिवाय तुझा पीएच दिवसा परत वर येतो, तिकडची सरासरीच खाली सरकलीये. (स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी पाणी साफ करणारं यंत्र, त्याच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढ, फरक पडेल.)

झूलॉजीवाली_ताई:
वरचं बरोबर, पण अजून एक. तू मोठे झालेले मासे बघतोयस. मासा गिलमधून (कल्ल्यांतून) आम्लाचा हिशोब सांभाळतो, थोडी ताकद खर्च होते पण निभतं. हाल होतात ते अंड्यातून निघालेल्या पिल्लांचे आणि कवचवाल्यांचे. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर 2007-08 च्या सुमारास ऑयस्टरच्या (कालवांच्या) हॅचरीत, म्हणजे पिल्लं वाढवायच्या केंद्रात, लाखोंनी पिल्लं मेली, आधी सगळ्यांना जंतूच वाटले, मग कळलं की खोलातलं आम्लट पाणी वर येऊन पाइपातून आत येत होतं. ऑयस्टरचं पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत कवच बांधतं, तेवढ्यात पाणी खराब मिळालं की खेळ खलास. हॅचरीवाल्यांनी शेवटी तू करतोस तेच केलं, पाण्यात सोडा मिसळायला लागले.

आणि एकटा पीएच धरून बसू नकोस रे, गरमी सोबत आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी प्राण्याला जास्त लागतो. गेल्या मेमध्ये आमच्याकडे दोन तास लाइट गेली, टँक 32 डिग्रीवर, मासे वर येऊन तोंड उघडत बसलेले, पीएच मात्र ठीक होता! आपल्या उष्ण समुद्रातली जनावरं आधीच सीमेवर जगतात. प्रवाळाला नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा डिग्री जास्त काही आठवडे मिळाला की तो आतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरा पडतो, 2024 मध्ये लक्षद्वीपला तसंच झालं. ज्याला पोहता येतं तो सरकतो. तारली मासळी 1985 च्या आधी मलबारच्या पट्ट्यातच मिळायची, 14 अंश उत्तर अक्षांशाच्या वर फारशी नाहीच, नंतर उत्तरेकडे यायला लागली. प्रवाळ कुठे जाणार?

प्रश्न_विचारणारच:
ताई, पण क्लाउनफिशबद्दल ते वाचलं होतं ना, आम्लट पाण्यात त्यांची पिल्लं शिकाऱ्याच्या वासाकडेच जातात म्हणून?

झूलॉजीवाली_ताई:
हो, 2009 पासून ऑस्ट्रेलियातून तसे पेपर आले, खूप गाजले. पण 2020 मध्ये दुसऱ्या टीमने सहा जातींवर तेच प्रयोग परत केले तर परिणाम जवळपास शून्य. वाद अजून चालू आहे. म्हणून मी मुलांना तरी माशाच्या डोक्यावर परिणाम वगैरे सांगत नाही, कवच आणि ऑक्सिजन सांगते, तिथे पाय जमिनीवर असतो.

सयाजीबागवाला:
आमच्या बडोद्याच्या म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्याची पण हाडं विरघळतील का मग 😄

खारंपाणी:
भाऊ तो 1944 साली महीच्या मुखाशी आलेला, त्याचा हिशोब केव्हाच संपला. आणि हाडं फॉस्फेटची असतात, शिंपल्यासारखी नाहीत. जिवंत देवमाशाला फटका बसलाच तर खाण्यातून बसेल, क्रिलला (तो खातो त्या कोळंबीसारख्या बारीक जिवांना) त्रास झाला तर.

दांडियाबाजारचा_मासेवाला:
नळी काल बाहेर काढली, आज सकाळी 8.0! मुलीने प्रोजेक्टमध्ये आमच्या बेडरूमचंच चित्र काढलंय, चौघं झोपलेले आणि टँक जागा. फक्त बायको म्हणते भोकातून डास येतात, त्यावर कोणाकडे काही उपाय?