झाडं लावली, चांगलं केलं. पण सोल्डरिंगच्या टेबलावरच्या धुराचं काय?

अंबड_फर्स्टशिफ्ट
मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात हाताने सोल्डरिंग करते, म्हणजे धातूची तार वितळवून पार्ट जोडते. सात वर्षं झाली, ठेकेदारामार्फत. 5 जूनला कंपनीने पांडवलेणीच्या पायथ्याशी रोपं लावली. आम्हीही गेलो, मनापासून खड्डे खणले. गेटवर आता मोठा फलक आहे: छतावर सोलर, मालात शिसं नाही, पर्यावरणाशी बांधिलकी.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावरचा धूर ओढणारा पाइप मंदावला. तोंडाशी टिश्यू पेपरचा तुकडा धरला, तो हललासुद्धा नाही. फिल्टर काढला तर काकवीसारखा चिकट थर. सुपरवायझर म्हणाले, "आता शिसं नाही ना, मग कशाला घाबरता?" अहो, धूर येतो तो मुख्यतः फ्लक्सचा, म्हणजे सांधा नीट धरावा म्हणून वापरतात त्या चिकट पदार्थाचा. त्यात राळ असते आणि तिच्या धुराने दमा जडतो. शिवाय जुनी शिशाची तार 183 अंशांना वितळायची, ही नवी साधारण 217 ला, म्हणजे बिट, सोल्डरिंगचं टोक, आणखी तापवायची, आणि धूरही वाढतो. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हल्ली उशाशी दम्याचा पंप ठेवून झोपते.

माझं म्हणणं, सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचा पैसा आधी आमच्या टेबलांवर लावा, मग डोंगरावर.

सातपूर_सेफ्टी
ताई, वाचून वाईट वाटलं, पण मागणी चुकीच्या खात्यावर करताय. दुसऱ्या कंपनीत सुरक्षा विभाग बघतो म्हणून सांगतो. कंपनी कायदा 2013, कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. तुमचा फिल्टर हा कारखाना चालवण्याचा खर्च, आणि धूर जिथे निघतो तिथेच ओढून घ्यायचं बंधन 1948 च्या कारखाने कायद्यापासूनचं आहे. झाडांचे पैसे वाचवून तो येणार नाही, आणि झाडं लावल्यामुळे तो अडलेलाही नाही.

फलकाला नावं ठेवू नका. आमच्याकडे शिसं काढलं तेव्हा ओव्हनचं सगळं सेटिंग बदललं, सोल्डरचे सांधे तडकायचे, माल परत यायचा. मॅनेजमेंटने ते सोसलं.

जॉबवर्कवाला
साहेब, शिसं 0.1 टक्क्याच्या आत ठेवणं हा नियमच आहे. नियम पाळला याचं कौतुक किती करायचं?

माझं 12 माणसांचं युनिट आहे, एका मोठ्या कंपनीचे बोर्ड भरून देतो. तिची आचारसंहिता 40 पानांची. बालमजूर नकोत, ओव्हरटाइम नियमात, सगळं मान्य, सही केली. पण बिल निघतं चौथ्या महिन्यात. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या कायद्यात 45 दिवसांची कमाल मुदत आहे, उशीर झाल्यास व्याजही. मागून बघा, पुढची ऑर्डर येत नाही. पगाराच्या तारखेला बायकोचे दागिने बँकेत ठेवून युनिटमधल्या मुलांचे पगार केलेत मी. सामाजिक जबाबदारीत आम्ही बसत नाही का?

पेठचा_गुरुजी
तुमची दुखणी खरी आहेत, पण "मग डोंगरावर" हे शब्द लागले. मी पेठ तालुक्यात एका पाड्यावर शिकवतो. पाऊस धो धो पडतो आणि मार्चपासून विहीर कोरडी. मुली हंडे घेऊन दरीत उतरायच्या, पहिला तास रिकामा जायचा. एका कंपनीच्या सीएसआरमधून खाली सोलर पंप बसला, वर टाकी झाली. आता माझ्या वर्गात प्रार्थनेला सगळ्या मुली असतात. हा पैसा दुसरीकडे वळवा असं कुणी म्हटलं की मला भीती वाटते.

दुरुस्ती_मेनरोड
थोडं अवांतर. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, उत्पादकाला रीसायकलिंगचं लक्ष्य असतं. चांगलंच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या वस्तूंत बॅटरी डिंकाने चिकटवलेली, सुटा पार्ट मिळत नाही. दोन वर्षांची वस्तू भंगारात जाते. आधी उघडता येईल अशी बनवा.

अंबड_फर्स्टशिफ्ट
गुरुजी, माफ करा. मी स्वतः सुरगाण्याची, हंडा माझ्याही डोक्यावर होता. तुमचं पाणी तोडून मला हवा नको. सातपूरच्या दादांचं खातं समजलं, तो शब्द मागे घेते. पण दादा, मग वार्षिक अहवालात रोपांची संख्या छापता तशी धूर ओढणारी किती टेबलं चालू, किती बंद, तेही छापा. आमच्यात अपघात शून्य लिहितात. दमा काही एका दिवशी, एका वाजता होत नाही, तो त्या रकान्यात येणार कसा?

सातपूर_सेफ्टी
ही मागणी शंभर टक्के बरोबर. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना अपघातांचे आकडे कंत्राटी कामगारांसकट द्यावे लागतात, पण हळूहळू जडणारा आजार त्यात सहज निसटतो. उद्या एक करा. फिल्टर बदलल्याची तारीख प्रत्येक टेबलावर चिकटवायला सांगा आणि टिश्यूची चाचणी सुरक्षा समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर करून दाखवा. इतिवृत्तात लिहून घ्या. मैत्रिणीला फुप्फुसांची तपासणी करून घ्यायला सांगा, सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी, दोन्ही वेळा. फरक दिसला तर कागद हातात राहील.

अंबड_फर्स्टशिफ्ट
समितीत ठेकेदारामार्फत काम करणारं एकही माणूस नाही. आधी तेच विचारते.