मॉडसाठी ८ जीबी कार्ड 'डोळे झाकून' घ्या म्हणणाऱ्यांसाठी

भीमथडी

परवा उदगीरकर यांनी साधा प्रश्न विचारला होता. रायझन ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जुनं ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १०८०पी मॉनिटर. खेळ एकच, स्कायरिम स्पेशल एडिशन, चारशेच्या वर मॉड (चाहत्यांनी खेळात केलेली भर). कार्ड कोणतं घेऊ? त्यावर पंचगंगेकाठी यांचं उत्तर : 'नवं कोरं ४०६० घे. १०८०पीला ८ जीबी डोळे झाकून पुरते. १२ जीबीचं जुनं ३०६० म्हणजे दुसऱ्याचं खरकटं. व्हीरॅमचा, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा, बागुलबुवा यूट्यूबवाल्यांनी उभा केलाय.' खाली +१ ची रांग. तिथेच लिहायला बसलो, पण वाढत गेलं म्हणून वेगळा धागा.

१०८०पीचा इथे काय संबंध? रिझोल्यूशन मॉनिटरचं. टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर चढवलेलं चित्र, मॉडवाल्यानं जेवढं बनवलंय तेवढं मेमरीत जाऊन बसतं, तुमचा मॉनिटर केवढा आहे हे ते विचारत नाही. बीसी७ या पद्धतीनं दाबलेलं २के (२०४८ पिक्सेल रुंद) टेक्श्चर, मिपमॅपसकट म्हणजे लांबून दाखवायच्या छोट्या प्रतींसकट, ५.३ एमबी. ४के २१ एमबी. ८के ८५ एमबी. शिवाय एका वस्तूला एकच टेक्श्चर कधी असतं? रंगाचं एक, नॉर्मलचं (उजेड कसा पडेल ते सांगणारं) एक, पॅरलॅक्स (उंचसखलपणाचा भास) असेल तर उंचीचं तिसरं. पहिली दोनच धरली तरी ४केमधली एक भिंत ४३ एमबी. अशा शंभर वस्तू दिसल्या की ४.३ जीबी गेली, आणि अजून माणसं, झाडं, सावल्या, ईएनबी (प्रकाशाचे इफेक्ट) यांचं काहीच धरलेलं नाही.

मग न मावणारं जातं कुठे? विंडोज ते सिस्टिम रॅममध्ये ढकलतं आणि पीसीआयईवरून, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्यावरून, ने-आण सुरू होते. ४०६०ला लेन आठच. बी४५०वर त्या जुन्या पीसीआयई ३.०च्या वेगानं चालणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी चालते २७२ जीबीनं. खेळ बंद पडत नाही, सरासरी एफपीएसही (सेकंदाला दिसणारी चित्रं) बरा दिसतो, पण दर दहा पावलांवर उचकी. ५०६० घेतलं तरी तेच, ८ जीबी आणि आठ लेन.

माझ्याकडे ३०६० टीआय होतं. ३०६०पेक्षा चांगलंच वेगवान, पण ८ जीबी. ते विकून १२ जीबीचं साधं ३०६० आणलं तेव्हा भावानं मला वेड्यात काढलं. त्याच सेव्हवर, त्याच मॉडलिस्टवर, खेळातल्या रिफ्टन गावाबाहेरच्या जंगलातल्या उचक्या गेल्या. रिव्ह्यूमधले आलेख मॉड न टाकलेल्या खेळांचे असतात. ते इथे पुरावा म्हणून आणू नका.

पंचगंगेकाठी

पूर्णपणे असहमत. माझं वाक्य उचललंत, पुढचा परिच्छेद सोडलात. मी लिहिलं होतं की २के टेक्श्चर ठेव. बादलीला ४के, कोबीला ४के, असं भरायचं आणि मग कार्ड कमी पडलं म्हणायचं, हा कार्डाचा दोष नाही. डोंगर, रस्ता, चेहरे ४के, बाकी २के. ८ जीबीत बसतं. माझं बसलेलं आहे.

आणि खरा अडथळा तुम्ही पाहतच नाही. स्कायरिम डायरेक्टएक्स ११ या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर चालतो, ड्रॉ कॉल (वस्तू काढायचे हुकूम) सगळे प्रोसेसरच्या एका थ्रेडवर. गाव वाढवणारे मॉड टाका, लांबच्या झाडांचं एलओडी (दुरून दिसणारी साधी रूपं) टाका, सावल्यांचं अंतर वाढवा, ३६०० गुडघे टेकतो. तिथे १२ जीबी टाका नाहीतर २४ टाका, कार्ड निम्मं रिकामं बसून राहणार. मी आधी ३६००वर होतो. त्याच बोर्डावर बायॉस अपडेट करून ५७००एक्स३डी प्रोसेसर बसवला, कार्ड तेच ठेवलं, आणि खेळातल्या सॉलिट्यूड शहरात पहिल्यांदा ६० एफपीएस दिसले. ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे त्याला, ३६००ला ३२, तीही दोन तुकड्यांत. पैसे तिथे घाला.

जुन्या कार्डाबद्दल माझा अनुभव ऐका. सप्टेंबर २०२२मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग संपलं आणि बाजारात कार्डांचा पूर आला. त्या पुरातलं एक मी घेतलं. विकणारा म्हणाला, 'घरगुती वापर, फक्त व्हॅलोरंट खेळायला.' तीन आठवड्यांत एका पंख्याचं बेअरिंग गेलं, उघडलं तर थर्मल पॅडचं तेल अख्ख्या पीसीबीवर उतरलेलं. बिल नाही, वॉरंटी नाही, विकणाऱ्याचा फोन बंद. आठ महिने क्लास घेऊन जमवलेले पैसे होते ते. पहिलंच कार्ड घेणाऱ्या पोराला तुम्ही त्या विहिरीत ढकलताय. आणि ३०६० खातं १७० वॅट, ४०६० खातं ११५. वीजबिल कोण भरणार?

भीमथडी

५५ वॅटचा फरक. रोज चार तास खेळलं तर वर्षाला ८० युनिट. एवढ्यासाठी पाच वर्षं उचक्या खाणार का?

मायनिंगचं कार्ड मिळालं हे वाईट झालं, पण त्यावरून अख्खा जुना बाजार बाद होत नाही. बिल बघून, समोर बसून अर्धा तास लोड देऊन घ्यायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आजही अशी चाचणी करू देणारे आहेत. आणि जुनं नकोच असेल तर एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबी घ्या. नवं आहे, लेन सोळा आहेत. इंटेलचं बी५८० मात्र ३६००वर घेऊ नका, १२ जीबी दिसते म्हणून भुलाल. जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर अडखळतो.

वऱ्हाडी ठेचा

कार्डाचं ठीक आहे भाऊ, पण रॅमचं कोणी बोलून नाही राहिलं. पोराजवळ १६ जीबी आहे. व्हीरॅममधून सांडलेलं जिथे जाऊन पडते ती रॅमच भरली तर? ३२ पाहिजेच. आणि २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे चढले का विचारू नका. सारी मेमरी एआयच्या डेटा सेंटरमध्ये चालली, डीडीआर४सुद्धा सुटली नाही. मी जुलैमध्ये घेतो घेतो म्हणत थांबलो, दिवाळीनंतर पाहिलं तर तोंडचं पाणी पळालं. त्याच्यात दुकानदार लाइटवाली रॅम गळ्यात मारते. साधी काळी पट्टी मागितली तर 'नाही येत आता' म्हणते. लाइटनं स्कायरिम जोरात चालते काय?

दुसरं, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५वर असते. काचबंद पेटी घेऊ नका. समोर जाळी पाहिजे, जाळीला फिल्टर पाहिजे, अन् तो पंधरा दिवसांनी धुवा लागते.

उदगीरकर

सगळ्यांचे आभार. मी सध्या पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो, दोन्ही एकदम घेणं जमणार नाही. कार्ड किंवा प्रोसेसर, एकच. त्यामुळे नीट ठरवायचंय.

एक लहान प्रश्न. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. रबरी चप्पल घातली की येत नाहीत. कार्ड बसवताना याने काही बिघडेल का?

लघुदाब

उदगीरकर, कार्ड, प्रोसेसर सगळं बाजूला ठेवा. तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. याला लहान प्रश्न म्हणू नका.

पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा करंट अर्थच्या वायरीनं जमिनीत जायचा असतो. ती वायर नसली की बॉडी तरंगत राहते, मल्टिमीटर लावलात तर ११०-११५ व्होल्टच्या आसपास दिसेल. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण सप्लायच्या आत खरा बिघाड होऊन फेज बॉडीला टेकली, तर त्या खोलीत तुम्हाला वाचवणारं काही नाही. चप्पल हा उपाय नव्हे.

पंचगंगेकाठी

इतकं घाबरवायचं कारण नाही. हा झटका अर्ध्या महाराष्ट्राच्या कॅबिनेटला आहे. माझ्या जुन्या घरी दहा वर्षं होता, एकही पार्ट गेला नाही.

लघुदाब

दहा वर्षं काही झालं नाही हे नशीब, पुरावा नव्हे. माझे वडील वायरमन. शेजारच्या वाडीत उन्हाळ्यात कूलरला हात लागून मेलेल्या माणसाला बाजूला करायला ते गेले होते. तिथेही सगळे म्हणत होते की जरा करंट येतो, पण चालतं. ७०-८० हजारांच्या पीसीवर इथे चार पानं लिहिता आणि शंभर रुपयांची वायर कोणी तपासत नाही. मला राग येतो याचा, आणि तो मी लपवणार नाही.

वऱ्हाडी ठेचा

लघुदाब भाऊंना +१. आमच्या इथं तर याच्याहून खतरनाक काम. अर्थ पाहिजे म्हटलं तर मिस्त्रीनं सॉकेटच्या आत न्यूट्रलपासून अर्थच्या पिनपर्यंत इतकुशी वायर जोडून दिली. झिणझिण्या बंद! मी खूश.

लघुदाब

ती वायर आजच काढा. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर पूर्ण फेज उलट फिरून तुमच्या कॅबिनेटवर येते, पत्र्याला थेट २३०. आणि मल्टिमीटर हे पकडत नाही. फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्य, सगळं झकास दिसतं. मेन बंद करून सॉकेट उघडून डोळ्यांनीच बघावं लागतं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

भीमथडी

धागा कार्डाचा आहे. अर्थिंगसाठी वेगळा काढा, ही विनंती.

लघुदाब

काढणार नाही. ज्यानं प्रश्न विचारला त्याच्या खोलीत अर्थिंग नाही आणि तुम्ही त्याला १२ की ८ सांगत बसलाय.

भीमथडी

ठीक. हे इथे लिहिणार नव्हतो, पण लिहितो. माझ्या आधीच्या कार्डाचा एचडीएमआय पोर्ट जळाला होता. पीसी चालू, टीव्हीही चालू, केबल लावताना बारीक ठिणगी, त्यानंतर तो पोर्ट मेला. मी वर्षभर केबलला दोष देत होतो. टीव्हीला डिशची वायर होती, ती गच्चीवर जमिनीला जोडलेली, आणि पीसी तरंगत. आता वाचताना कळलं. लघुदाब यांचं बरोबर आहे, राहू दे इथेच.

पंचगंगेकाठी

मुद्द्यावर येतो. उदगीरकर, अंदाज लावू नका, मोजा. गावात उभे राहा आणि जीपीयूचा (कार्डाच्या मुख्य चिपचा) यूसेज बघा. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रोसेसर अडवतोय.

भीमथडी

ही चाचणी फसवी आहे. त्याचं ४ जीबीचं कार्ड आधीच तुडुंब. टेक्श्चर पीसीआयईवरून येईपर्यंत जीपीयू वाट बघत बसतो, तेव्हाही यूसेज कमीच दिसतो. मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा प्रोफाइल करा, फक्त टेक्श्चरचे मॉड बंद करा, त्याच सेव्हवर त्याच जागी पुन्हा मोजा. एफपीएस वाढला तर व्हीरॅम, तसाच राहिला तर प्रोसेसर.

पंचगंगेकाठी

ही पद्धत बरी आहे.

उदगीरकर

काल रात्री मोजलं. प्रत्येक ठिकाणी तीनदा.

रिफ्टनच्या बाजारात सगळे मॉड चालू असताना ३४ एफपीएस. टेक्श्चर बंद केल्यावर ३६. म्हणजे काहीच फरक नाही. सावल्यांचं अंतर निम्मं केलं तर ४५.

बाहेर जंगलात सगळं चालू असताना २६, आणि मान वळवली की थांबतं. टेक्श्चर बंद केल्यावर ५३, थांबणं बंद.

पंचगंगेकाठी

बाजारात मी म्हणालो तेच.

भीमथडी

आणि जंगलात मी म्हणालो ते. गावापुरतं प्रोसेसरचं मान्य करतो, ३४चे ३६ यापुढे वाद नाही. पण स्कायरिममध्ये माणूस गावात किती वेळ असतो? प्रोसेसरची अडचण सावल्या कमी करून निम्मी सुटली, फुकटात. जंगलातली अडचण टेक्श्चर काढल्याशिवाय सुटत नाही, आणि टेक्श्चरसाठीच तर एवढे मॉड टाकले. आधी कार्ड.

पंचगंगेकाठी

'डोळे झाकून' हे शब्द मागे घेतो. चारशे मॉड आणि बी४५० हे एकत्र धरून मी उत्तर दिलं नव्हतं, आठ लेनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण बिलाशिवायचं जुनं कार्ड घे असं मी कधीच म्हणणार नाही. त्यापेक्षा चार महिने थांब आणि नवं १६ जीबी घे.

भीमथडी

बिलाशिवाय घ्या असं मीही म्हटलेलं नाही. वर वाचा.

लघुदाब

उदगीरकर, सॉकेट उघडलं का?

उदगीरकर

आज वायरमनला बोलावलं. सॉकेटमागे हिरवी वायर आहे, पण मीटरच्या पेटीपाशी कापून टेप गुंडाळलेली. खाली अर्थिंगचा खड्डाच नाही. घरमालक म्हणतात, वीस वर्षांत कुणी भाडेकरू तक्रार करत आला नाही, तुझ्या कॉम्प्युटरसाठी अंगण खणू देणार नाही. वायरमन म्हणाला, पाइप ठोकून अर्थिंग करता येईल, प्लेट पुरायला लागतो तेवढा खड्डा लागत नाही. ते चालेल का? आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजलाही झिणझिण्या येतात असं त्यांनी आज सांगितलं. त्यांना घेऊन उद्या घरमालकांकडे परत जातोय.

लघुदाब

पाइप चालतो, अंगणाच्या कोपऱ्यात भागतं. माती ओली राहील अशी जागा बघा, नळाजवळची. वरचं तोंड झाकून टाकू नका, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. काम झाल्यावर अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या. वायरमनकडे मीटर नसेल तर मला निरोप करा, मी रविवारी पुण्यात आहे.