एसएनईएस मिनी: हकची कन्सोल ओळखत नाही, शिवाय सेगा आणि प्लेस्टेशन १ चे गेम टाकायचेत

चौकोनी_पिक्सेल (प्रश्न)
एसएनईएस क्लासिक मिनी (निन्टेंडोचा जुन्या सुपर निन्टेंडोसारखा छोटा कन्सोल), अमेरिकन आवृत्ती, विंडोज ११. हकची२ सीई (कन्सोलमध्ये जास्तीचे गेम टाकायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) उतरवून चालू केलं, कर्नल (कन्सोलच्या प्रणालीचा गाभा) मेनूतून इन्स्टॉल निवडलं, पण कन्सोलची वाट पाहणारी खिडकी तशीच बसून आहे. कन्सोलचा लाल दिवा लागतोय, टीव्हीवर नेहमीचा मेनूही दिसतोय. हे सुटलं की सेगाच्या मेगा ड्राइव्हचे आणि प्लेस्टेशन १ चे काही गेम टाकायचे आहेत. जागा पुरेल का?

तांब्याची_तार
दिवा लागतोय म्हणजे कन्सोल साधा सुरू झालाय, फेल मोडमध्ये (बिघाड नव्हे, यूएसबीवरून संगणकाला कन्सोलच्या आत लिहू देणारी अवस्था) गेलेलाच नाही. आधी पॉवर बंद. मायक्रो यूएसबी केबल थेट संगणकाला लावा, मध्ये हब नको. रिसेट दाबून धरा, ते न सोडता पॉवर चालू करा, दोन-तीन सेकंदांनी रिसेट सोडा. दिवा लागायला नको आणि टीव्हीवर काही दिसायला नको. नवखे लोक इथेच फसतात, कारण दिवा नाही म्हटलं की कन्सोल बंदच आहे असं वाटतं.

एवढं करूनही ओळखत नसेल तर केबल बदला. मोबाइलच्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. खोक्यातली मूळ केबल चालते. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. १एफ३ए:ईएफई८ हा क्रमांक दिसला की कन्सोल पोहोचला, अडचण ड्रायव्हरची. हकचीतूनच ड्रायव्हर पुन्हा टाका.

झिप फाइल डेस्कटॉपवर किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उघडू नका. सी ड्राइव्हवर छोट्या, साध्या इंग्रजी नावाचा फोल्डर करा.

जुनं_काडतूस
एक शंका आधीच मिटवून घ्या: कन्सोल अस्सल आहे ना? बाजारात '६२० गेम' छापलेले, पिवळी-पांढरी एव्ही पिन असलेले डबे मिनी म्हणून विकले जातात. त्यांच्यात लिनक्स (अस्सल मिनी ज्यावर चालतो ती प्रणाली) नाही, त्यामुळे हकचीचा काही उपयोग नाही. अस्सल मिनीला एचडीएमआय आणि मायक्रो यूएसबी असतं. तुमचा मेनू नेहमीचा दिसतोय म्हणजे बहुधा ठीकच आहे, पण पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

चौकोनी_पिक्सेल
दिव्याचंच होतं! कर्नल बसला, कन्सोल पुन्हा सुरू झाला, हकचीतही जोडलेला दिसतोय. आता रेट्रोआर्क (इतर यंत्रांचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर)?

तांब्याची_तार
त्याआधी नँडचा (कन्सोलच्या आतल्या साठवणीचा) बॅकअप घ्या, कर्नल मेनूतच आहे, आणि तो दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. कन्सोल कायमचा मरण्याची भीती फारशी नाही, कारण फेल मोड चिपच्या बूट रॉममध्ये असतो आणि तो पुसला जात नाही. पण मूळ गेम आणि सेव्ह परत हवे असतील तर बॅकअपच कामाला येतो.

आता हकचीच्या मॉड्यूल मेनूतून मॉड हब (जोडसॉफ्टवेअरची यादी) उघडा. रेट्रोआर्क टाका, पण ते नुसतं टाकून भागत नाही, प्रत्येक यंत्राचा कोर (त्या यंत्राची नक्कल करणारा भाग) वेगळा: मेगा ड्राइव्हला जेनेसिस प्लस जीएक्स, प्लेस्टेशनला पीसीएसएक्स रीआर्म्ड. ३२एक्स (मेगा ड्राइव्हला लावायचा जोड) हवं असेल तर पिकोड्राइव्ह. मग गेम हकचीत ओढून टाका, प्रत्येकाला कोर नेमा आणि सिंक करा, म्हणजे ते कन्सोलवर जातील. सिंक चालू असताना केबलला हात नको. गेम निवडल्यावर पडदा क्षणभर काळा होऊन मेनू परत आला, तर पहिला संशय न बसवलेल्या कोरवर घ्या.

एसएनईएसचे गेम मूळ कॅनोवरच (मिनीत आधीपासून असलेला एमुलेटर) ठेवा, ते या यंत्रासाठीच बेतलेलं आहे. 'स्टार ओशन'सारखे एस-डीडी१ चिपचे गेम त्यावर चालत नाहीत, तेवढ्यांना स्नेस९एक्स कोर द्या.

रॅम_२५६
जागेचं: आत ५१२ एमबी नँड, त्यातली साधारण ३०० एमबी तुमच्या हाती. एसएनईएसचा मोठ्यातला मोठा गेम ६ एमबीचा, म्हणजे कार्ट्रिजचे गेम शेकड्याने बसतील. प्लेस्टेशनची एक सीडीच ६००-७०० एमबी भरू शकते, ती आत बसवायचा नाद सोडा. नँड काठोकाठ भरला तर सेव्हला जागा उरत नाही आणि मेनूसुद्धा उघडायचा थांबू शकतो.

प्लेस्टेशनच्या गेमसाठी ओटीजी हब (कन्सोलला पेन ड्राइव्ह जोडू देणारा) घ्या, बाहेरून वीज घेणारा. मिनीला एकच मायक्रो यूएसबी आहे, वीज आणि डेटा दोन्ही तिथूनच. पेन ड्राइव्ह एफएटी३२ करा, हकचीतून गेम त्यावर एक्सपोर्ट करा आणि पॉवर चालू करण्याआधी लावा. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर ठेवा. वीज अपुरी पडली की पेन ड्राइव्ह मध्येच दिसेनासा होतो आणि लोक उगाच सॉफ्टवेअरला दोष देतात.

प्लेस्टेशनची बायोस फाइल (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम), एससीपीएच५५०१, रेट्रोआर्कच्या सिस्टम फोल्डरमध्ये. नाव सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, लिनक्सला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं. सीडीची सीएचडी (एकच दाबलेली फाइल) करून घ्या, जागाही वाचते आणि क्यू-बिन या दोन फाइलींची जोडी सांभाळावी लागत नाही. मिनीच्या पॅडला एल२-आर२ आणि अ‍ॅनालॉग काड्या नाहीत. वीचा क्लासिक कंट्रोलर प्रो त्याच खाचेत बसतो, तो घ्या.

एन६४ (निन्टेंडो ६४) च्या मागे लागू नका. मिनीच्या चार कॉर्टेक्स ए७ प्रोसेसर गाभ्यांवर आणि माली ४०० ग्राफिक्स चिपवर ते रडतखडत चालतं.

जुनं_काडतूस
गेम स्वतःच्या कार्ट्रिज-सीडीवरून उतरवलेलेच वापरा, इथे लिंका मागू नका. आणि एका फोल्डरमध्ये तीसच्या वर गेम ठेवू नका, मेनू जड होतो. हकची आपोआप विभागून देतं, ती सोय बंद करू नका.