रहस्यकथेचा निवेदक कुत्रा असावा का?

वेताळटेकडी: अप्पा बळवंत चौकातून आणलेली स्पेन्सर क्विन यांची ‘डॉग ऑन इट’ ही २००९ सालची इंग्रजी कादंबरी नुकतीच वाचून झाली. बर्नी हा खासगी गुप्तहेर आणि कथा सांगतो तो त्याचा कुत्रा चेट. कुत्रा लाडका प्राणी आहे म्हणून अशी पुस्तके आवडतात, हे मत मला पटत नाही. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक असा की गुप्तहेराच्या भाबड्या मित्राने मनात आलेले काहीही वाचकापासून लपवू नये, आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी. माणसाला हे सोंग वठवणे जड जाते. कुत्र्याला वास येतो, तो आला तसा तो सांगून टाकतो, आणि त्याचा अर्थ लावण्याआधीच त्याचे लक्ष सोफ्याखालच्या बिस्किटाकडे जाते. निवेदकाला ठाऊक असते पण उमगत नाही, गुप्तहेराला उमगेल पण ठाऊक नसते, आणि या दोघांच्या मध्ये वाचक तळमळत बसतो.

शनिपार: तळमळ खरी, पण ती विकतची आहे. कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ कथेत कुत्रा रात्री भुंकला नाही, एवढ्यावरून होम्सने ओळखले की तबेल्यात आलेला माणूस त्या कुत्र्याच्या परिचयाचा होता. (कथा वाचली नसेल त्यांनी क्षमा करावी; सव्वाशे वर्षे पुरेशी मुदत आहे.) तिथे कुत्र्याचे मौन हाच पुरावा आहे. त्यालाच निवेदक केले असते, तर “आपलाच माणूस आला होता” असे सांगून त्याने पहिल्या पानावर कथा आटोपली असती. ती लांबवायची म्हणून लेखक त्याच्यापुढे बिस्किट टाकतो. ज्याला लाल आणि हिरवा रंग धड वेगळा दिसत नाही, त्याने अस्खलित वाक्यांत पाठलागाचे वर्णन करावे, हेही मला पचत नाही.

सहकारनगर: बोलता कुत्रा पचत नसेल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १०८ वे सूक्त पाहावे. पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढत सरमा, जिला परंपरा देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री मानते, रसा नदी ओलांडून जाते आणि चोरांशी स्वतःच्या तोंडाने बोलते. तुला बहीण मानतो, गाईंतला वाटा देतो, असे आमिष ते दाखवतात आणि ती ते धुडकावते. तिच्यापुढेही बिस्किट टाकले गेले होते, पण ते चोरांनी!

माझी अडचण निराळी आहे. असा निवेदक मराठीत आणला, तर तो मालकाला ‘अरे’ म्हणेल की ‘साहेब’? वाक्प्रचारांचे मात्र सोने होईल. “इथे कुठेतरी पाणी मुरते आहे,” असे गुप्तहेर म्हणाला की आमचा निवेदक इमानाने न्हाणीघराची भिंत हुंगू लागेल, आणि नेमके त्याच भिंतीत काही दडलेले असेल.

वेताळटेकडी: तो भिंतीचा प्रसंग कोणीतरी लिहावाच. शनिपार यांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. एकाच प्रकरणात तिसऱ्यांदा खाण्याकडे लक्ष गेले की लेखकाचा हात दिसतो. पण आमचा कुत्रा सकाळी टेकडीवर एका ठरावीक दगडापाशी थांबतो, आधी तळाशी, मग कडेने हुंगतो, थोडे पुढे जाऊन पुन्हा मागे येतो आणि मग खाणीच्या दिशेने एकटक पाहत राहतो. तिथून कोण गेले, हे त्याला नक्की कळलेले असते. मी पट्टा धरून शेजारी उभा असतो आणि मला फक्त दगड दिसतो. बर्नीची अवस्था नेमकी हीच आहे, आणि माणूस निवेदक असलेल्या एकाही रहस्यकथेत मला ती इतकी जवळून जाणवली नव्हती.

शनिपार: तुमचा कुत्रा त्या दगडापाशी गप्प राहतो, म्हणूनच तो प्रसंग चांगला वाटतो, हे आपण स्वतःच सिद्ध केलेत. तरीही न वाचता मत देणे मला शोभत नाही. पुस्तक आठवडाभर द्यावे. जिथे जिथे लेखकाने बिस्किट टाकले आहे, तिथे समासात पेन्सिलीने खूण करून परत करीन.